हे पैसे पोचतील का रे?

दोस्तांनो, गाणी म्हणून पैसे गोळा केलेत कधी तुम्ही? आम्ही केले होते. साल १९९३.

त्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. परभणीत बाप्पांना निरोप देऊन, लेझीम खेळून पाय मोडून आलेली आम्ही लेकरं गाढ झोपलो होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. फळीवरची भांडी खणखणत खाली आली. मोठ्या माणसांनी आम्हाला अंथरुणासकट उचलून रस्त्यावर आणलं. अख्खी गल्ली बाहेर! आमच्याकडे तेवढ्यावरच निभावलं. पण सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या आणि किल्लारी हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली होती. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. तीही आमच्यासारखीच आदल्या रात्री गणपती बोळवून झोपली होती.

चार-पाच दिवसांनी आमच्या गाण्याच्या सरांनी एक हातगाडी मिळवली. गणपती मंडळाची पेटी अजून मांडवातच पडून होती, ती गाडीवर चढली. तबला एका मुलाच्या घरून आला. नानलपेठेतून गांधी पार्काकडे आमची फेरी निघाली. पुढं गाणारी मुलं-मुली, मागं पत्र्याचा डबा घेतलेला एक मुलगा आणि सगळ्यांत शेवटी वही-पेन घेतलेले सर. आम्हाला त्या वहीचं फार हसू यायचं. कुणी चार आणे टाकले तरी सर थांबायचे, नाव विचारायचे आणि लिहायचे! त्या नादात आमचा ताल चुकायचा.

एका उंबऱ्यात एक आजी बसली होती. तिनं कनवटीची गाठ सोडली, दोन रुपयांची चुरगळलेली नोट काढली, पण डब्यात टाकली नाही. नोट हातातच धरून म्हणाली, ‘‘हे पैसे कुठं जायलेत रे बाबू?’’

‘‘किल्लारीला, आजी.’’

‘‘पोचतील का रे?’’

डबेवाला मुलगा म्हणाला, ‘‘हो, पोचतील की!’’

‘‘तुला कामून ठाऊक?’’

झालं! आमची तोंडं बंद. सरांनी पुढं येऊन वही उघडली आणि आजीला नाव विचारलं. पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. तोवर आजीचा प्रश्न तेवढा लक्षात ठेवा. कारण आता मी तुम्हाला जगातल्या फार मोठ्या गवई-वादकांची गोष्ट सांगणार आहे, आणि बरं का, त्यांची गाडीसुद्धा अगदी याच प्रश्नापाशी अडली होती.

गोष्ट सुरू होते नोव्हेंबर १९७० मध्ये. आज ज्याला आपण बांगलादेश म्हणतो, तो तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. १२ नोव्हेंबरच्या रात्री तिथल्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. समुद्र उठून शेतांत आणि घरांत शिरला. किमान तीन लाख माणसं दगावली. त्यातून सावरायच्या आत, मार्च १९७१ मध्ये तिथं पाकिस्तानी लष्कराचे अत्याचार सुरू झाले. जीव मुठीत धरून लोक भारताकडे निघाले. किती? सुमारे एक कोटी! निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. लहान मुलांचे हाल तर बघवत नव्हते.

त्या वेळी सतारवादक पंडित रविशंकर अमेरिकेत होते. ते बंगाली. त्यांचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचं जन्मगाव त्याच पूर्व बंगालातलं. तिकडून येणाऱ्या बातम्या ऐकून पंडितजींच्या जिवाला चैन पडेना. आपण एक मैफल करावी, पंचवीसेक हजार डॉलर जमले तर पाठवावेत, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते आपल्या एका शिष्याला सांगितलं. हा शिष्य कोण? जॉर्ज हॅरिसन! इंग्लंडमधल्या बीटल्स या चौघांच्या वाद्यवृंदातला गिटारवाला. तुमच्या आईबाबांना विचारा, नाव नक्की ठाऊक असेल. हा हॅरिसन १९६६ मध्ये सतार शिकायला मुंबईला येऊन राहिला होता. १९६८ च्या जानेवारीत तो परत आला आणि मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका स्टुडिओत त्यानं आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रणही केलं. तेव्हा गुरूची तगमग त्याला वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

हॅरिसननं फोन उचलला. सहाएक आठवडे तो मित्रांना फोनच करत होता. रिंगो स्टार, एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल असे एकेक जण तयार झाले. बॉब डिलन येणार की नाही, हे मात्र अगदी शेवटपर्यंत कुणाला सांगता येत नव्हतं! (तो आला.) मानधन कुणीच घेणार नव्हतं. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी एक आणि रात्री एक असे दोन कार्यक्रम झाले. दोन्ही मिळून चाळीस हजारांच्या आसपास श्रोते होते.

सुरुवात आपल्या लोकांनी केली. सतारीवर रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ (म्हणजे गुरूंचा मुलगाच), तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. अल्लारखाँ आपले मुंबईचे, झाकीर हुसेन यांचे वडील. आणि इथं एक गंमत झाली. मंडळी बसली, त्यांनी तारा जुळवायला घेतल्या. थोडा वेळ टुणटुण झाली, तंबोरा बोलला, तबल्यावर हातोडी पडली. सगळं जुळलं आणि हात थांबले, तोच टाळ्यांचा कडकडाट! श्रोत्यांना वाटलं, पहिला तुकडा वाजवून झाला. पंडितजींनी हसून सांगितलं, की नुसतं जुळवणं तुम्हाला एवढं आवडलं असेल, तर वाजवणं त्याहून जास्त आवडेल अशी आशा करू या. मग त्यांनी बंगालची एक लोकधून वाजवली. पुढं रेकॉर्ड निघाली तेव्हा या टाळ्या आणि पंडितजींचं बोलणं तिच्यातून काढून टाकलं नाही. आजही ऐकायला मिळतं. मला तर सगळ्या संचात हा भागच सर्वांत आवडतो.

तिकिटांचे पैसे मोजायला वेळ लागला नाही. अकरा दिवसांत, १२ ऑगस्टला, युनिसेफच्या नावे धनादेश निघाला. युनिसेफ म्हणजे मुलांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रसंघाची संस्था. रक्कम होती २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट. वरचे पन्नास सेंटसुद्धा लिहिलेत, बघितलंत ना? तेव्हाच्या भावानं हे साधारण अठरा लाख रुपये होतात. पंडितजींनी पंचवीस हजार डॉलर धरले होते, त्याच्या जवळजवळ दहापट!

इथपर्यंत सगळं झकास. खरी गोष्ट इथून पुढं आहे.

दोन्ही कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण केलेलं होतं. त्याचा तीन तबकड्यांचा संच काढायचा आणि त्याच्या विक्रीचे पैसेही मदतीला द्यायचे, असं ठरलं होतं. आता तिकीट आणि तबकडी यांत फरक काय, ते समजून घ्या. तिकीट एकदा विकलं की संपलं. रात्री गल्ला मोजायचा, सकाळी पैसे भरायचे. आपल्या महाराष्ट्रात त्याचं एक नामी उदाहरण आहे. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या नाटक मंडळ्या म्हणजे एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी. पण टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं एका रंगमंचावर उभे राहिले, हे भामिनी आणि ते धैर्यधर! वरच्या वर्गाचं तिकीट शंभर रुपये, म्हणजे त्या काळी सोन्याच्या भावाचं. तरीही लोकांची झुंबड उडाली. त्या रात्रीचा हिशेब त्या रात्रीपुरता होता.

रेकॉर्डचं तसं नसतं. ती वर्षानुवर्षं विकली जाते. तुम्ही दुकानात दिलेल्या रुपयातला काही भाग दुकानदाराचा, काही ती दुकानापर्यंत आणणाऱ्याचा, काही तबकडी छापण्याचा आणि काही कंपनीचा. त्यातून गाणाऱ्याचा, गीत लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा वाटा निघतो, त्याला रॉयल्टी म्हणतात. आणि या प्रत्येक वळणावर सरकारचा कर असतो. डब्यात टाकलेली दोन रुपयांची नोट सरळ खाली पडते. रेकॉर्डचा रुपया मात्र कालव्याच्या पाण्यासारखा, दर चारीला थोडा थोडा कमी होत शेवटच्या शेतापर्यंत जातो. जायकवाडीचा कालवा ज्यांच्या शिवारातून गेलाय, त्यांना हे निराळं सांगायला नको.

पहिला अडथळा कंपन्यांचा आला. गाणारे सगळे वेगवेगळ्या कंपन्यांशी करारानं बांधलेले. ‘आमच्या गायकाचा आवाज तुमच्या रेकॉर्डवर का?’ या वाटाघाटींत महिने गेले. मुखपृष्ठावरूनही कुरकूर झाली. मुखपृष्ठावर रिकाम्या थाळीमागं बसलेल्या, हाडं वर आलेल्या एका बाळाचा फोटो होता. असं चित्र पाहून रेकॉर्ड कोण घेणार, असं कंपनीचं म्हणणं. हॅरिसन बधला नाही. त्या बाळासाठीच तर सगळं चाललं होतं! अखेर २० डिसेंबर १९७१ ला संच अमेरिकेच्या दुकानांत आला. ही तारीख नीट बघा. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली होती. म्हणजे ज्यांच्यासाठी रेकॉर्ड काढली, त्यांचा देश रेकॉर्ड यायच्या चार दिवस आधी स्वतंत्र झालेला!

पण मदतीची गरज काही संपली नव्हती. लोक मोडक्या घरांकडं परतत होते. रेकॉर्ड भराभर खपली. १९७३ मध्ये तिला त्या वर्षीच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी पारितोषिकही मिळालं. आणि पैसे? पैसे अडकले होते करखात्यात.

झालं होतं असं. कार्यक्रम घाईत ठरला होता. ही कमाई अमुक नोंदणी झालेल्या संस्थेची आहे, असा कागद आधी करायचं राहून गेलं. युनिसेफशी रीतसर बोलणं मागाहून झालं. अमेरिकेच्या करखात्यानं विचारलं, कागद कुठाय? कागद नाही म्हटल्यावर त्यांच्या लेखी ही साधी धंद्याची कमाई ठरली. मग तपासणी, पत्रव्यवहार, वकील. ब्रिटनमध्येही कर माफ झाला नाही, तिथं हॅरिसननं आपल्या खिशातून मोठी रक्कम भरली. १९७२ मध्ये काही पैसे युनिसेफला पोचले होते, पण मोठा वाटा पोचायला पुढची नऊ-दहा वर्षं गेली. फोटोतल्या बाळाच्या वयाची मुलं तोवर पाचवी-सहावीत गेली असतील.

आता तुम्ही म्हणाल, हॅरिसन आणि पंडितजींनी चूक केली. मला तसं म्हणवत नाही. आग लागलेली असताना विहिरीचा सातबारा कोण बघतं? शिवाय इतक्या मोठ्या प्रमाणावर असं काही तोवर कुणी केलंच नव्हतं, तेव्हा विचारणार तरी कुणाला? पण आजीच्या प्रश्नाचं काय? तो प्रश्न काही असं ऐकून घेत नाही.

आपल्याकडची गोष्टही ऐका, म्हणजे हे फक्त परदेशात घडतं असं वाटणार नाही. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गाणं तुम्ही १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला ऐकताच. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर ते कवी प्रदीप यांनी लिहिलं. चाल सी. रामचंद्र यांची. हे रामचंद्र चितळकर नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. पुणतांबं गोदाकाठी आहे, म्हणजे त्या गावाला वळसा घालून आलेलं पाणीच पुढं आपल्या गंगाखेडच्या घाटाला लागतं! २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लतादीदींनी ते गायलं आणि पंतप्रधान नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ही हकीकत सगळ्यांना पाठ आहे. याच्या पुढची कमी लोकांना ठाऊक असते. या गाण्याची आपल्या वाट्याची रॉयल्टी युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीला मिळावी, असं प्रदीपजींनी लिहून दिलं होतं. गाणं देशभर वाजत राहिलं. रेकॉर्ड झाली, कॅसेट झाली, सीडी झाली. आणि ऑगस्ट २००५ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, की संगीत कंपनीनं थकलेल्या रॉयल्टीपोटी दहा लाख रुपये या निधीत भरावेत. गाणं लिहिलं त्याला तोवर बेचाळीस वर्षं झाली होती. प्रदीपजी १९९८ मध्येच गेले होते. पण त्यांनी लिहून ठेवलेलं होतं, म्हणून न्यायालयात दाखवता आलं. हॅरिसनकडं जो कागद नव्हता, तो प्रदीपजींकडं होता. वेळ दोघांनाही लागला, हेही खरंच.

१९७१ ची ठेच पुढच्यांच्या कामी आली. १९८४ मध्ये इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. नोव्हेंबरात लंडनच्या गायकांनी एका दिवसात एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. २८ जानेवारी १९८५ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये चाळिसाहून जास्त नामवंत गायक एका स्टुडिओत जमले. मायकेल जॅक्सनसुद्धा त्यांत होता. आत येतानाच पाटी लावली होती, की आपापला अहंकार दाराबाहेर ठेवा. या वेळी मंडळींनी संस्था आणि विश्वस्त मंडळं रीतसर नोंदवून घेतली. लंडनच्या रेकॉर्डवरचा कर सोडायला ब्रिटिश सरकार आधी नाहीच म्हणालं होतं. लोकांनी इतका गलका केला, की शेवटी कराएवढी रक्कम सरकारनं मदत म्हणून परत दिली. आणि १९७१ ची ती रेकॉर्ड? २००५ मध्ये ती नव्यानं निघाली, आणि आता तिचा पैसा युनिसेफसाठी जॉर्ज हॅरिसनच्या नावानं काढलेल्या निधीत जातो. या वेळी कागद आधी केला!

हे सगळं आत्ता आठवायचं कारण सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. सोयाबीन पाण्यात उभं होतं, कापसाची बोंडं काळी पडली. आता गाणं ध्वनिमुद्रित करायला स्टुडिओ लागत नाही. ताईच्या मोबाइलवर होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते जिंतूरपासून पुण्यापर्यंत पोचतं. पैसेही बोटाच्या एका टिचकीनं येतात. पण कुणाच्या खात्यात येतात? म्हणून उद्या तुमच्या वर्गानं असं काही करायचं ठरवलं, तर पहिलं गाणं निवडू नका. आधी मोठ्यांना सोबत घ्या. पैसे नेमके कुणाला द्यायचे हे ठरवा आणि त्यांना आधी विचारून या. खातं संस्थेचं किंवा शाळेचं असू द्या, कुणा एकाच्या बाबांचं नको, मग बाबा कितीही चांगले असोत. पत्र्याचा डबा असेल तर तो दोघांनी मिळून उघडायचा. आणि वही घाला. वही घेतलेला माणूस फेरीत अगदी गबाळा दिसतो, त्याच्यामुळं ताल चुकतो, तरी घाला.

आमच्या फेरीचे ४१२ रुपये ७५ पैसे जमले होते. सरांनी ते कलेक्टर कचेरीत भूकंपग्रस्तांच्या निधीसाठी भरले आणि पावती आणली. आम्हाला वाटलं, संपलं. पण रविवारी सकाळी सरांनी डबेवाल्या मुलाला आणि मला सायकलवर घेतलं, एकाला पुढं दांडीवर आणि एकाला मागं, आणि त्या गल्लीत नेलं.

आजी तिथंच उंबऱ्यात बसली होती. मुलानं पावती मोठ्यानं वाचली. तारीख, शिक्का, ‘रुपये चारशे बारा पैसे पंचाहत्तर फक्त’. आजीनं सगळं ऐकून घेतलं.

‘‘आन् ह्यात माझे दोन कुठंयत?’’

सरांनी वही उघडली. तिसऱ्या पानावर, वरून सातवी ओळ. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

‘‘हेच का?’’

‘‘हेच,’’ सर म्हणाले.

बोट बराच वेळ तिथंच होतं. मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, आत गेली आणि आमच्या दोघांच्या ओंजळीत गूळ-शेंगदाणे घालून सरांना म्हणाली, ‘‘बसा गुरुजी, च्या टाकते.’’